कणीच्या पिशव्या

माझ्या आयुष्यातली वीस वर्षं ज्या वस्तूमागे गेली तिला आमच्या घरात 'पापड' म्हणतात. नवरा संध्याकाळी विचारतो, "आज पापड वाळला का?" मुलगी पुण्याहून फोन करते तेव्हा तब्येतीची चौकशी संपली की पुढचा प्रश्न पापडाचाच. हे बारसं आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या सहायकाने केलं. माझा पहिला पडदा काचेवरून सोलताना तडकला आणि त्याचे चार तुकडे झाले, तेव्हा तो बाजूलाच उभा होता. तो पक्का गोंदिया शहरातला, बोलणं सगळं हिंदीत. म्हणाला, "मॅडम, ये तो पापड़ बन गया. तल लें क्या?" त्या दिवशी मी त्याच्यावर चिडले होते. आता मीच पापड म्हणते.

अर्जांवर त्याचं नाव लांबलचक आहे. नवीकरणीय स्रोतांपासून बनवलेलं जैवविघटनशील नॅनोकंपोझिट. हे मी इतक्या कागदांवर लिहिलंय की आता हात आपोआप लिहितो आणि डोकं भाजीला काय करायचं याचा विचार करत असतं. गोष्ट तशी साधी आहे. गोंदियात जिकडे बघाल तिकडे राईस मिल. मिलमधून कणी निघते, शेतात धानाचं तणस उरतं. कणीतलं स्टार्च शिजवून काचेवर पातळ ओतलं की वाळून त्याचा पारदर्शक पडदा होतो, पण तो लेचापेचा असतो. मग तणसाचे धागे क्षारात उकळायचे, आम्लात ठेवायचे, धुवायचे, पुन्हा धुवायचे, असं करत करत इतके बारीक करायचे की साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसू नयेत. ते त्या शिजलेल्या खळीत मिसळले की पडद्याला बळ येतं. मातीची भिंत घालताना चिखलात तणस तुडवतात, तेच हे. फक्त तणसाचा तुकडा केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाएवढा. वर्गात मी हेच उदाहरण देते, आणि मुलं परीक्षेत नॅनोकंपोझिटच्या प्रश्नाला भिंतीची आकृती काढून ठेवतात.

मी थकले आहे, हे आधीच सांगून टाकते. या वस्तूला थकले असं नाही. ती वस्तू चांगली आहे. ती मातीत गेली की माती होते, गाईच्या पोटात गेली तर गाय मरत नाही. थकले ते तिच्यासाठी जे जे करावं लागतं त्याला. उन्हाळ्यात आमच्याकडे पडदा असा सुकतो की बोट लावलं तरी तुटावा, आणि पावसाळ्यात तोच ओल्या फडक्यासारखा लोंबतो. धागे बारीक करायचं मोठं यंत्र आमच्याकडे नाही, ते नागपूरला. तिथे नंबर लावायचा, बरण्या मांडीवर घेऊन गाडीने जायचं, वीज गेली की बरण्या घेऊन परत यायचं. गोंदियाला लागूनच्या मुर्रीतल्या आमच्या घरात फ्रिजचा खालचा कप्पा कायम या बरण्यांनी भरलेला असायचा. एकदा पाहुण्यांनी ताक समजून एक बरणी उघडली होती. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने प्रत्येक बरणीवर लाल पेनाने फुली मारून ठेवली.

अशा अवस्थेत मला ती बाई भेटली, सालेकशाच्या पुढे रानाला लागून असलेल्या एका गावात. कॉलेजच्या शिबिरासाठी आम्ही तिथे आठवडाभर होतो. ती तिथल्या दहा बायकांच्या गटाची अध्यक्ष. चाळिशीची, उंच, हाडकुळी. घरात गोंडी बोलायची, आमच्याशी झाडीबोली. गट रोपं तयार करायचा, आवळा, बांबू, सीताफळ, आणि ती सरकारी लागवडीसाठी जायची. ती रोपं तिची कामाची. जीव होता तो एकाच झाडावर, मोहावर. ती त्याला महू म्हणायची.

तळ्याच्या पाळीवर तीन मोह उरले होते. तिच्या आजीने तिथे फुलं वेचली, आईने वेचली, ती वेचत होती. त्यातला एक पोकळ झालेला मोह त्याच उन्हाळ्यातल्या वादळात आडवा झाला होता. नवा मोह उगवत नव्हता. उगवणार कसा? फुलं पडायच्या आधी झाडाखालचा पालापाचोळा जाळून टाकायची रीत आहे, म्हणजे स्वच्छ जमिनीवर फुलं दिसतात आणि वेचायला सोपी जातात. त्या आगीत आदल्या वर्षीची कोवळी रोपंही जातात. जी वाचतात ती शेळ्या खातात. म्हणून मोह जो आहे तो म्हाताराच.

"माझी पोरगी कायच्या खाली वेचंल, मॅडम?" तिने मला विचारलं होतं. तिची पोरगी तेव्हा दहावीत होती, आणि ती काही मोह वेचायला राहील असं मला वाटत नव्हतं, पण मी ते बोलले नाही.

तिने दोनदा मोहाची रोपं करून पाहिली होती. टोळ, म्हणजे मोहाचं बी, ताजं असतानाच लावावं लागतं, म्हणून जूनअखेरीस काळ्या प्लास्टिकच्या पन्नीत लावायचं आणि धानाचा रोवणा आटोपला की ऑगस्टअखेर पाळीवर नेऊन लावायचं. मोहाचं मूळ सरळ खाली जातं, गाजरासारखं. पन्नीत ते तळाला आपटून वळतं. लावताना पन्नी ब्लेडने फाडली की मातीचा गोळा ढासळतो आणि मूळ तुटतं. दोन्ही वर्षी सगळी रोपं पाळीवर नेल्यावर पंधरा दिवसांत मेली. सुकलेल्या काड्या तिने मला दाखवल्या.

"पन्नी न फाडता लावता आली तर?" मी म्हणाले. माझ्या तोंडून ते निघालं आणि मलाच आत कुठेतरी गरम वाटलं. इतकी वर्षं मी परीक्षानळ्यांसाठी काम करत होते. पहिल्यांदाच कुणालातरी माझा पापड हवा होता.

मी तिला कबूल केलं की पुढच्या जूनला चारशे पिशव्या देते. पिशवीसकट लावायच्या. आठ आठवडे टिकतील, मग मातीत विरतील, मूळ सरळ खाली जाईल.

चारशे पिशव्या म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं नव्हतं. काचेच्या एका तावातून एक पिशवी निघायची. दिवाळीपासून मेपर्यंत आम्ही दोघं, मी आणि सहायक, खळ शिजवत होतो, ओतत होतो, सोलत होतो. पिशवीची शिवण खळीनेच चिकटवायची. माझ्या बोटांची कातडी निघाली. खांदा दुखायला लागला तो अजून दुखतो. सहायक रिटायरमेंटला आलेला माणूस, स्वतःच्या घरी कधी भांडं घासलं नसेल, पण काचा तो अशा धुवायचा की बघत राहावं. मधेच म्हणायचा, "मॅडम, इतने में तो सच्ची का पापड़ का कारखाना लग जाता."

मी सगळ्याचा विचार केला होता. हे मी आजही ठासून सांगते. उंदरांचा विचार केला, म्हणून खळीत कडुनिंबाचा अर्क घातला. वाळवीचा केला. पावसाचा केला, म्हणून तणसाच्या धाग्यांचं प्रमाण वाढवलं. कॉलेजच्या बागेत पिशव्या मातीने भरून ठेवल्या, त्यांना रोज बोअरचं पाणी दिलं, आणि त्या दहा आठवडे टिकल्या. प्रश्नांची यादी घेऊन मी त्या गावीही जाऊन आले. माती कुठली, सावली किती, झारीने देता की लोट्याने, दिवसातून किती वेळा.

"पाणी किती देता?" मी विचारलं.

"दोन येळा. लोट्यानं. थोडं थोडं."

मी वहीत 'पाणी' असा रकाना आखला होता, त्यात लिहिलं: दोन वेळा, लोट्याने. आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले.

जूनच्या शेवटी पिशव्या घेऊन गेले. तिने एक पिशवी हातात घेतली, उजेडात धरली, दोन्ही तळहातांमध्ये चोळली आणि नाकाला लावली.

"याले तं भाताचा वास येऊन राहिला."

"तांदळाचीच आहे."

"अगा बापा!" ती हसली. बाकीच्या बायकांनी पण वास घेतला. एकीने जिभेचं टोक लावून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं, कडुनिंबामुळे. मला फार आनंद झाला होता. इतका की परतीच्या गाडीत मला खिडकीशी बसून झोप लागली आणि गोंदिया आल्यावर शेजारच्या बाईने उठवलं.

रोपवाटिका तिच्याच सांदवाडीत होती, म्हणजे घरामागच्या कुंपणातल्या तुकड्यात, जिथे एरवी ती वांगी, वाल आणि मिरच्या लावायची. चारशे पिशव्यांना जागा हवी म्हणून त्या पावसाळ्यात तिने भाजी लावलीच नव्हती. दोनच महिन्यांचा प्रश्न आहे, असं ती म्हणाली. टोळ उगवल्याचं तिने कळवलं, दोन पानं आल्याचं कळवलं. मग रोवणा सुरू झाला. रोवण्याच्या दिवसांत आमच्या जिल्ह्यात कुणाला कुणाशी बोलायला फुरसत नसते, बायकांना तर नाहीच. पहाटे घर सोडायचं आणि दिवसभर गुडघाभर चिखलात वाकायचं.

पाचव्या आठवड्यात तिचा फोन आला. ती सहसा स्वतःहून फोन करत नसे, कारण रेंज मिळायला तिला तळ्याच्या पाळीवर चढावं लागायचं.

"मॅडम, पिशव्या बसल्या."

"बसल्या म्हणजे?"

"खाली बसल्या जी. तुमी या."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून गेले. सांदवाडीत ओळीने ठेवलेल्या पिशव्या कमरेत मोडल्यासारख्या झाल्या होत्या. कित्येक फुटून त्यांची माती शेजारच्या पिशवीच्या मातीला मिळाली होती. जिथे पडदा शिल्लक होता तिथे तो शेवाळी, बुळबुळीत झाला होता आणि बोटाला चिकटून येत होता. सगळीकडे एक आंबूस वास. मी गुडघ्यांवर बसून एकेक पिशवी बघत होते. मनात हिशेब चालू होता की धागे कमी पडले का, शिवण कच्ची राहिली का, कडुनिंबाचं काही उलटं झालं का. काहीच जुळत नव्हतं. बागेत दहा आठवडे टिकलेली वस्तू इथे पाच आठवड्यांत कशी बसते?

तेवढ्यात ती घरातून लोटा घेऊन आली आणि माझ्या डोळ्यांदेखत शेवटच्या ओळीतल्या रोपांना थोडं थोडं ओतायला लागली. पांढुरकं, दाटसर.

"हे काय टाकताय?"

"पेज."

मी उठून उभी राहिले. "पेज? कधीपासून?"

"दोन पानं आली तवापासून. सकाळी रोवण्याले जाच्या आंधी, आन् मंग दिवस बुडता. रातचीच उरते ते आंबलेली."

"पण मला कधी सांगितलं नाही तुम्ही!"

"तुमी पाण्याचं विचारलं," ती म्हणाली. रागाने नाही, जे घडलं ते सांगावं तसं. "पेजेचं कुठं विचारलं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. माझा चेहरा कसा झाला होता कोण जाणे, तिला वाटलं मला पेज म्हणजे काय ते समजलं नाही. ती समजावून सांगायला लागली की नुसत्या पाण्यानं लहान जीव जोर धरत नाही, वासराला, लेकराला, रोपाला सगळ्यांना आधी पेज लागते. मग एकदम थांबून तिने विचारलं, "तुमच्या मायनं तुमाले पेज नाही पाजली का वो?"

पाजली. चांगली पाजली. मी इथलीच आहे. माझ्या पूर्वजांनी तळी खोदली, पाळी बांधल्या, आणि आमच्या घरी दर सकाळी भाताचं भांडं धुवायच्या आधी आंबलेली पेज एका मातीच्या भांड्यात काढून ठेवली जायची. आधी आम्हा पोरांना एकेक वाटी, मग वासराला, आणि शेवटी आई परसात जाऊन उरलेली पेज लिंबाच्या रोपाला घालायची. मी तिच्या मागे मागे जायची. त्या लिंबाच्या मुळाशी कायम असाच आंबूस वास यायचा. आई गेली त्याला बरीच वर्षं झाली, लिंबाचं झाड त्याआधीच गेलं होतं. आणि मी दर वर्षी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला शिकवते की आंबलेल्या पेजेतले जंतू स्टार्च कसं तोडतात. टेबलावर नळी धरून दाखवते, आयोडीनचा निळा रंग हळूहळू उडतो, मुलं माना डोलावतात. मला हे दोन्ही माहीत होतं, घरचं पण आणि पुस्तकातलं पण. आणि वहीत मी फक्त पाण्याचा रकाना आखला.

मला त्या क्षणी इतकी लाज वाटली की मी तिथेच ओल्या मातीत बसले. तिने मला रागवावं असं फार वाटत होतं. तिने माझ्यासाठी पाट आणला.

रोवणा संपल्यावर गटातल्या बायका जमल्या आणि आम्ही वीस रोपं पाळीवर न्यायचा प्रयत्न केला. पिशव्या फुटल्यावर मुळं थेट सांदवाडीच्या जमिनीत उतरली होती, ऐन पावसातली मऊ जमीन, हात-दीड हात खोल. कुदळीने कितीही लांबून खणलं तरी शेवटी 'कट्' असा बारीक आवाज व्हायचा आणि बायका एकमेकींकडे बघायच्या. ती वीस रोपं आठ दिवसांत माना टाकून गेली. उरलेली सांदवाडीत ताठ उभी. पेज पिऊन चांगली तुकतुकीत झाली होती, तीनशेच्या वर तरी असतील, वीतभर अंतरावर, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या मुलांसारखी.

तिचा नवरा म्हणाला की नांगर घालतो आणि वांगी लावून घेतो, अजून वेळ गेली नाही. ती नाही म्हणाली.

"महू आमी उपटत नाही," तिने मला सांगितलं. "पाळीवरून पडला तं देवाची मरजी. आपल्या हातानं नाही."

"मग भाजी?"

"बाजारातून."

इतकंच. वर्षभर ताटात भाजी देणारा तुकडा तिने माझ्या चुकीपायी सोडला, आणि पाळीवर एकही मोह लागला नाही. मी घरी आले आणि अहवाल लिहायला बसले. काय लिहिणार? 'प्रत्यक्ष वापरात विघटन अपेक्षेपेक्षा जलद' असं लिहिलं. काही महिन्यांनी अनुदान देणाऱ्या संस्थेचं पत्र आलं की विघटनाचा वेग अत्यंत समाधानकारक आहे. सहायकाला वाचून दाखवलं तर तो पोट धरून हसला. मी पण हसले, आणि मग मला हुंदका फुटला, आणि तो बिचारा घाईघाईने काचा धुवायला निघून गेला.

सोडून द्यायला हवं होतं. नवऱ्याने पण पहिल्यांदाच सरळ सांगितलं, "पुरे आता, खांदा बघ तुझा." पण सांदवाडीतली ती रांग डोळ्यांपुढून जात नव्हती. लाखेचा विचार मला त्या हिवाळ्यात सुचला. आमच्याकडे पळसावर, कुसुमावर लाख घेतात. पडद्यावर आतून लाखेचा पातळ हात दिला तर पेज आत शिरणार नाही, आणि मातीत गेल्यावर कधीतरी लाखही विरेल. मग प्रयोगशाळेत मी रोज पेज शिजवायला लागले, आंबवायला लागले, आणि पिशव्यांना दोन वेळा लोट्याने घालायला लागले. पूर्ण मजला आंबूस. प्राचार्यांनी दोनदा विचारणा केली. सहायकाने नाकाला रुमाल बांधला, म्हणाला, "मॅडम, इसको अब दाल-भात भी खिलाओगी क्या?" पहिल्या खेपेच्या पिशव्या सहा आठवड्यांत गेल्या. दुसऱ्या खेपेच्या तडकल्या. असे दोन पावसाळे त्यात गेले. सहायक मधेच रिटायर झाला आणि तरीही आठवड्यातून एकदा येऊन काचा धुवून जायचा.

मधल्या काळात मी तिच्याकडे जमेल तेव्हा जायची, आणि जाताना गोंदियाच्या बाजारातून पिशवीभर भाजी न्यायची. ती आढेवेढे न घेता घ्यायची. "आणलं तं बरं केलं," म्हणायची, आणि एकदा, "वांगे किडके हायेत तुमचे." सांदवाडीतले मोह मांडीपर्यंत आले होते, दाटीने एकमेकांत घुसलेले. काही आपोआप मरत होते. पाळीवर दोन म्हातारे मोह तसेच. "पाळीवर कदी मंग?" असं ती सुरुवातीला दर वेळी विचारायची. मग तिने विचारणं बंद केलं, आणि ते मला जास्त लागलं.

यंदाच्या ऑगस्टमध्ये लाखेची पिशवी आठ आठवडे टिकली. रोज आंबलेली पेज पिऊन टिकली. मी ती पिशवी फाडून, मोजून, फोटो काढून खात्री केली, आणि दुसऱ्याच दिवशी नव्या पाच पिशव्या कागदात गुंडाळून सालेकशाची पॅसेंजर पकडली. भाजी घ्यायची विसरले. रोवणा नुकता संपला होता. घरी ती नव्हती, पोरीने सांगितलं की पाळीवर आहे. पोरगी बारावी होऊन घरीच होती.

ती थोरल्या मोहाखाली उकिडवी बसली होती. शेजारी लोटा. मी धापा टाकत पाळ चढले आणि बसायच्या आधीच कागद सोडला. पिशवी तिच्या हातात दिली, लाखेचं सांगितलं, पेजेचं सांगितलं, आठ आठवडे म्हटलं. तिने पिशवी उजेडात धरली, चोळली, वास घेतला.

"चांगली झाली," ती म्हणाली. "मजबूत हाये." आणि पिशवी तिने नीट घडी करून माझ्या हातात परत दिली. "इकडं या."

बोरीच्या काट्यांची गोल कुंपणं होती, सात-आठ, झाडाच्या सावलीच्या कडेला. मी वाकून पाहिलं. प्रत्येकात वीतभर उंचीचा एकेक मोह, चार-पाच पानांचा.

"कुणी लावले?"

"कोनी नाही. पडले तिथंच उगवले." ती काटे सारखे करत बोलत होती. "यंदा आमी जाळलं नाही. खराट्यानं झाडलं आन् फुलं वेचले. जास्तीचं काम पडलं, कंबर मोडली पार. बाकीच्या बाया शिव्या देऊन राहिल्या होत्या. पर पाला जागेवर राहिला, मंग टोळ त्यात पडले आन् उगवले."

"हे तुम्हाला सुचलं कसं?"

"तुमच्या पिशव्या बसल्या तवा पाह्यलं ना." तिने सहज सांगितलं. "मूळ एकदा खाली गेलं का त्याले हात लावाचा नाही. मंग म्हनलं, पिशवीच कायले पायजे?"

मी हातातली पिशवी कागदात गुंडाळायला लागले. आनंद झाला होता, खरंच झाला होता, पाळीवर मोह आले होते. आणि त्याच वेळी माझी वीस वर्षं त्या कागदात घडी होऊन बसली होती, आणि ती कुणाला नको होती. दोन्ही एकदम वाटत होतं, आणि दोन्हीपैकी एकाचंही काय करावं ते कळत नव्हतं. खांदा ठणकत होता. मी पाळीवर पाय पसरून बसले. खाली बांध्यांमध्ये नुकतं रोवलेलं धान सरळ व्हायला लागलं होतं.

मग तिने लोटा उचलून माझ्यापुढे धरला. आत पेज होती, आंबलेली, वरती पाणी सुटलेलं.

"टाका तुमी," ती म्हणाली. "इथं विरघळाले काई नाही."